लेकीच्या नोकरीचं शहर: रास अल खैमात तीन दिवस

वसईकडच्या आमच्या गावातल्या शाळेत भूगोलाचे गुरुजी कुठल्याही शहराचं नाव घेतलं की लगेच विचारत, "तिथे काय बनतं?" फिरोझाबादला बांगड्या, अलिगढला कुलपं, मुरादाबादला पितळेची भांडी. शहर दिसतं कसं, तिथली माणसं खातात काय, हे विचारायची पद्धतच नव्हती. आता पन्नाशीला आलो, पण नवं नाव कानावर पडलं की माझ्या मनात आधी गुरुजींचाच प्रश्न येतो. दुबईचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. रास अल खैमाचं मात्र लगेच सापडलं. सिमेंट आणि चिनीमाती.

चिनीमातीशी माझा रोजचा संबंध आहे. अबूधाबीतल्या एका हॉटेलात मी किचन स्टुअर्डिंग बघतो. म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी, ताटं, वाट्या, काटे-चमचे, त्यांची धुलाई, त्यांची मोजदाद, आणि फुटलेल्यांचा हिशेब. कुणाच्या घरी जेवायला बसलो तरी ताट उलटं करून मागचा शिक्का बघायची मला खोड आहे. लूसी, माझी बायको, टेबलाखालून पाय मारते तेव्हा ताट सरळ होतं. या शिक्क्यांवर मी रास अल खैमा हे नाव वर्षानुवर्षं वाचत आलोय. जायचा योग मात्र कधी आला नव्हता.

योग आणला आमच्या शेरॉनने. शेरॉन आमची एकुलती एक. जन्म अबूधाबीचा, शाळा अबूधाबीची, केमिकल इंजिनिअरिंग दुबईला. तिला रास अल खैमातल्या एका चिनीमातीच्या कारखान्यात ग्लेझच्या लॅबमध्ये नोकरी चालून आली. ग्लेझ म्हणजे ताटावरचा तो काचेसारखा चकचकीत थर. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. अल रीम आयलंडवरच्या आमच्या घरापासून रास अल खैमा गाडीने अडीच तासांवर, त्यामुळे रोज जाऊन-येऊन करणं शक्यच नव्हतं. नोकरी घ्यायची का, आणि घेतली तर राहायचं कुठे, असा तो सगळा प्रश्न होता.

"आय वॉन्ट टू सी द सिटी फर्स्ट," शेरॉन म्हणाली. "नॉट द बीच, पपा. द सिटी."

लूसी नर्स आहे, तिची ड्यूटी होती. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि गुरुवारी दुपारी आम्ही बापलेक निघालो.

गुरुवार: अबूधाबी ते शारजा

पहिल्यांदा गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना. अबूधाबीच्या हद्दीत पाटीवर लिहिलेला वेग म्हणजे तोच वेग, त्याच्या वर गेलात की कॅमेरा टिपतो. दुबईच्या हद्दीत पाटीपेक्षा वीसची सूट मिळते. हद्द कुठे बदलते ते लक्षात ठेवा, नाहीतर सहलीचा खर्च दंडातच जाईल. दुबई शहरात न शिरता एमिरेट्स रोडने बाहेरून गेलात तर दुबईचा टोलही लागत नाही. रस्ता रुक्ष आहे. दोन्ही बाजूंना वाळू, कुंपणं, मधूनच उंट, आणि ट्रकांची न संपणारी रांग.

रात्रीचा मुक्काम शारजाला फिलोमावशीकडे होता. फिलोमिना ही लूसीची धाकटी बहीण. वीस वर्षं एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळतेय, आणि त्याच हिशेबीपणाने सगळ्या नातेवाइकांचं आयुष्यही सांभाळते. दार उघडल्या उघडल्या तिने शेरॉनचा हात धरला.

"ये बाय, आधी तुझी खोली बघ."

खोलीत नवा पलंग होता. खिडकीला निळे पडदे. भिंतीवर पवित्र मातेची तसबीर, तिच्याखाली छोटा दिवा.

"मंगळवारी आमचा प्रार्थना गट येऊन जपमाळ म्हणून गेला इथे," मावशी सांगत होती. "पवित्र पाणी शिंपडलंय. आणि कार लिफ्टवाल्याशीपण बोलले. सात्शे मागत होता महिन्याचे, सहाशेवर आणलाय. इमारतीखालून उचलणार, कारखान्याच्या गेटवर सोडणार. खलास!"

कार लिफ्ट म्हणजे एकाच दिशेला नोकरी असलेल्या चार-सहा जणांनी मिळून लावलेली गाडी. इथल्या निम्म्या नोकऱ्या तिच्यावर चालतात.

"माझी खोली?" शेरॉनने विचारलं.

"मग कुणाची? भावोजींचा फोन आला ना, तुझा इंटरव्ह्यू होता त्याच दिवशी. म्हणाले, फिलो, शेरू तुझ्याकडेच राहील."

शेरॉनने माझ्याकडे बघितलं. मी तसबिरीकडे बघितलं.

खरं सांगायचं तर मी काही चुकीचं करतोय असं मला वाटलंच नव्हतं. आमच्याकडे मुलगी शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी जायची झाली की पहिला प्रश्न असतो, तिथे कोण मावशी आहे, कोण मामी आहे? मावशी सापडली की विषय मिटतो. मुलीला विचारायचं असतं ही गोष्ट त्या यादीत येतच नाही. लूसीलाही मी नंतरच सांगितलं होतं.

मावशीने सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं सार केलं होतं. शेरॉन सगळं जेवली, मावशीचा गालगुच्चा सहन केला, पडदे छान आहेत असंही म्हणाली. मग मला गुड नाइट न म्हणताच झोपायला गेली.

शुक्रवार: उलटा रस्ता आणि कारखाना

सकाळी लवकर निघालो. माझा बेत असा होता की रोज शारजाहून जायला किती त्रास होतो ते प्रत्यक्षच पाहावं. शारजाच्या बाहेर पडलो.

"यू टोल्ड हर ऑन द डे ऑफ द इंटरव्ह्यू," शेरॉन अखेर म्हणाली. "आय वॉज स्टिल इन द टॅक्सी."

"तुझी सोय व्हावी म्हणून…"

"पपा, सोय विचारून करतात ना?" हे मात्र ती मराठीत म्हणाली. रागावली की ती नुसतं मराठी बोलते.

मी विषय रस्त्यावर नेला, कारण रस्त्यावर खरंच एक नवल चाललं होतं. आमच्या बाजूला रस्ता मोकळा होता. दुभाजकापलीकडे, रास अल खैमाकडून दुबईकडे, गाड्यांची भिंतच होती. दिव्यांना दिवे चिकटलेले. कंपन्यांच्या बसगाड्या, कार लिफ्टच्या व्हॅन, एकेकट्या माणसांच्या छोट्या गाड्या. दुबईत भाडं परवडत नाही म्हणून हजारो लोक रास अल खैमात, उम्म अल कुवैनमध्ये घर घेतात आणि अंधारात उठून कामाला जातात. म्हणजे हे शहर नुसतं वस्तू बनवत नाही, रोज सकाळी माणसंही बाहेर पाठवतं आणि संध्याकाळी परत घेतं. गुरुजींच्या भूगोलात अशा शहराला खूण नव्हती.

तासाभरात आम्ही कारखान्यांच्या पट्ट्याला लागलो. मी मनातून खूष होतो. "बघ, किती मोकळा रस्ता! उलट्या दिशेला नोकरी म्हणजे लॉटरीच. मावशीकडून आरामात येशील."

शेरॉन पलीकडच्या गाड्यांकडे बघत होती. "दे स्लीप हिअर अँड लिव्ह देअर. मी इथे काम करणार आणि झोपायला तिथे जाणार. सेम थिंग, पपा. फक्त लेन दुसरी."

सुदैवाने तेवढ्यात कारखान्याचं गेट आलं.

शेरॉनला तिथे तिच्या होणाऱ्या वरिष्ठ बाईंना भेटायचं होतं. त्यांचं नाव लूझ, फिलिपिन्सच्या, वय चाळिशीचं, केस घट्ट बांधलेले, बोलणं भरभर. मी बाहेर गाडीत बसणार होतो. पण मी हॉटेलात काय काम करतो हे शेरॉनने सांगितलं तेव्हा लूझबाई हसल्या. "सर, यू आर द एनिमी! यू पीपल ब्रेक अवर प्लेट्स." आणि त्यांनी मलाही आत घेतलं.

आत काय पाहिलं ते सगळं लिहायला परवानगी नाही, आणि मला ते नीट कळलंही नाही. पण एवढं सांगतो. भट्टीतून बाहेर आलेली पांढरी ताटं पट्ट्यावरून येत होती आणि दोन्हीकडे उभ्या बायका एकेक ताट बोटांवर तोलून लाकडी दांडीने हलकेच वाजवत होत्या. चांगलं ताट घंटेसारखं वाजतं. आतून तडा गेलेला असेल तर आवाज बसका येतो, डोळ्यांना मात्र काही दिसत नाही. आम्ही हॉटेलात हेच करतो, पण पन्नास-शंभर ताटांना. इथे सगळी शेड किणकिणत होती. उत्तर प्रदेशातल्या, नेपाळातल्या, फिलिपिन्सच्या बायका, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांचे कान ताटात. मला आमच्या गावच्या चर्चमध्ये सणाच्या दिवशी, मिस्साची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, वेदीसेवक घंट्या पुसतात तेव्हा होणारी किणकिण आठवली. हा विचार कुणाला सांगण्यासारखा नव्हता, म्हणून मी आपल्याशीच ठेवला.

लॅबमध्ये लूझबाई शेरॉनला यंत्रं दाखवत होत्या. शेरॉन मध्येच थांबली.

"हाऊ डू यू टेस्ट फॉर मेटल मार्किंग?"

मेटल मार्किंग म्हणजे ताटावर सुरीने पडणाऱ्या काळ्या रेघा. ओरखडे नसतात ते. सुरीचाच धातू ग्लेझवर घासून बसलेला असतो. धुतला तरी जात नाही, आणि पाहुण्याला वाटतं, ताट घाणेरडं आहे. माझ्या कामातलं हे सगळ्यात जुनं दुखणं.

लूझबाईंच्या भुवया वर गेल्या. "फ्रेशर्स नेव्हर आस्क धिस. हू टॉट यू?"

"नोबडी. इट्स डिनर कॉन्व्हर्सेशन," शेरॉन म्हणाली आणि अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. "ट्वेन्टी इयर्स ऑफ इट."

दोघी हसल्या. मग कितीतरी वेळ त्या ग्लेझमध्ये काय घातलं की तो सुरीला दाद देत नाही, यावर बोलत राहिल्या. मला त्यातले अर्धे शब्द समजले नाहीत. मी जेवताना कुरकुर करायचो तेव्हा ही मोबाइलमध्ये बघत असायची. मला वाटायचं, ऐकत नाही.

दुपारी गाव बघितलं. रास अल खैमा मधोमध खाडीने दुभागलंय. एका अंगाला जुना किनारा, दुसऱ्या अंगाला अल नखीलचा बाजार, आणि मध्ये पूल. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी बाजार बंद असतो, त्यामुळे खरेदी करायची तर संध्याकाळी जा. आम्ही खोली अल नखीललाच घेतली होती, साधं हॉटेल अपार्टमेंट, रात्रीचे एकशे ऐंशी दिरहम. रुपयांत सव्वाचार हजारांच्या आसपास. स्वच्छ, गरम पाणी, खाली पराठ्याचं दुकान. मासळी बाजारात मासा विकत घेऊन शेजारीच भाजून घेता येतो. तिथला केरळी मासळीवाला मला म्हणाला, "साब, कहाँ से?"

"अबूधाबी."

"अरे, वो तो अभी का. पहले का कहाँ से?"

"वसई."

"हाँ, बॉम्बे का बाजू! आपका सूखा बोंबिल इधर लाओ साब, मैं बेच दूँगा। पार्टनर!"

शेरॉन दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. हमूर नावाचा मासा भाजून घेतला, बरोबर खमीर ही इथली जाडी रोटी आणि लिंबू. दोघांचं पोटभर जेवण साठ दिरहममध्ये झालं.

शनिवार: धूळ, तिवरं आणि मिस्सा

शनिवारी मला डोंगरावर जायचं होतं. जबेल जैस म्हणजे इथला सर्वांत उंच डोंगर, सगळे तिथेच जातात. शेरॉन म्हणाली, "त्याचे फोटो मी हजार पाहिलेत. शो मी द वर्स्ट पार्ट."

म्हणून आम्ही उत्तरेला गेलो, सिमेंटच्या कारखान्यांकडे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके करडे डोंगर, आणि त्या डोंगरांना पायऱ्या पाडल्यासारखे कापलेले. दगडाचे ट्रक एकामागून एक उतरतात, काही सिमेंटच्या भट्ट्यांकडे वळतात, काही सरळ बंदराकडे. बंदरात जहाजं दगड भरून घेत होती. आखाताकाठच्या सपाट देशांत इमारती, रस्ते, समुद्रात बांधलेली बेटं उभी राहतात ती या डोंगरांवर. आमचं अल रीम आयलंडही असंच कुठल्यातरी दगडावर उभं असणार. मी गाडी कडेला घेऊन उतरलो आणि बराच वेळ बघत राहिलो. परत आलो तेव्हा शेरॉनने गाडीच्या बॉनेटवर बोटाने स्वतःचं नाव लिहिलं होतं. एवढी धूळ.

मला ती धूळ, खरं सांगतो, बरी वाटली. मनात म्हटलं, आता ही आपणहून मावशीच्या निळ्या पडद्यांकडे वळेल.

"तुझी लॅब या बाजूला नाही," मी म्हणालो, "पण वारा आला की धूळ सगळीकडे जातच असणार. इथे राहायचं म्हणजे…"

"पपा, यू हॅव बीन स्टँडिंग हिअर फॉर एजेस. यू आर एन्जॉइंग धिस मोर दॅन मी."

तेही खरंच होतं.

खाडीच्या कडेने परत येताना तिवरांचं रान लागलं. आमच्या वसईच्या खाडीत असतात तशीच तिवरं, तोच चिखलाचा वास. उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे. पलीकडे डोंगरावर सिमेंटची चिमणी धूर सोडत होती. दोन्ही एकाच नजरेत मावत होतं. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, ऊन चढलं की पक्षी लांब सरकतात. आणि स्वतःचं पाणी न्या, तिथे दुकान नाही.

दुपारी दक्षिणेला जझिरत अल हमरा बघितलं. मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव, माणसांनी सोडून दिलेलं. घरांच्या भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांच्या, त्यांत शिंपले तसेच रुतलेले. तिकीट वगैरे नाही, पण भिंतींवर चढू नका, त्या खरोखर ठिसूळ आहेत. इथे मोती बनत होते, मग मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि गाव उठून गेलं. शेजारच्या पट्ट्यात आता ताटं बनतात.

संध्याकाळी जवळच्याच चर्चमध्ये मिस्साला गेलो. रस्त्यावरून जाताना चर्च आहे हे कळणारही नाही, पण आत अंगण माणसांनी भरलेलं. मिस्सा इंग्रजीत होती. मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात मराठीतूनच उत्तरं दिली. इतकी वर्षं झाली तरी प्रार्थनेला मला दुसरी भाषा सुचत नाही. गाणाऱ्यांच्या पहिल्या ओळीत एक ओळखीचा चेहरा दिसला. लूझबाई!

मिस्सा सुटल्यावर त्या स्वतःच आमच्याकडे आल्या. शेरॉनशी काहीतरी हळू बोलल्या, मग शेरॉन माझ्याकडे वळली.

"लूझच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. ती आणि एक नर्स राहतात. चालत इथून पाच-सात मिनिटं. जस्ट लूक, पपा. प्लीज."

फ्लॅट तळमजल्यावर होता. मी खोली बघण्याआधी जे बघतो ते सगळं बघितलं. दाराची कडी, खिडकीचे गज, नळाचं पाणी, गॅसची नळी कधी बदललीय. लूझबाई माझ्या मागे मागे येत होत्या आणि मी विचारायच्या आधी उत्तरं देत होत्या. स्वयंपाकघरात फडताळावर ताटांची चळत होती. कडा किंचित वाकड्या, कारखान्यातली दुय्यम मालाची. रिकाम्या खोलीत काहीच नव्हतं. पडदेही नव्हते.

लूझबाई चहा ठेवायला गेल्या. शेरॉन खिडकीशी उभी होती.

"काय वाटतं?"

"मावशीचं मन मोडेल," मी म्हणालो.

"आय नो. आय फील बॅड अबाउट दॅट." ती माझ्याकडे वळली. "पपा, ऐका. इफ यू से नो, आय विल स्टिल टेक इट. बट आय डोन्ट वॉन्ट यू टू से नो."

मी तिला विचारणार होतो की एकटी कशी राहशील, आजारी पडलीस तर, रात्री शिफ्ट लागली तर. हे सगळे प्रश्न गेले दोन आठवडे माझ्याजवळ तयार होते. पण आदल्या दिवशी त्या लॅबमध्ये ती ज्या आवाजात बोलत होती तो आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. आणि मी स्वतः? पंचविशीत वसई सोडून आलो. तेव्हापासून काम इथे आणि जीव तिथे. कुठलंही घर घेतलं तरी पहिल्या दिवसापासून ते तात्पुरतंच वाटलं. दुभाजकापलीकडच्या त्या माणसांचा निदान संध्याकाळी फेरा पुरा होतो. या मुलीला जिथे काम तिथेच राहायचं होतं, एवढंच. तिला ते मागावं लागत होतं, ते माझ्यामुळे.

"फिलोला फोन मी करीन," मी म्हणालो. "तू करू नकोस. तिला मी सांगितलं होतं, मीच सांगेन."

शेरॉन माझ्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. आतून लूझबाई ओरडल्या, "सर! शुगर ऑर नो शुगर?"

रविवार: परत

फोन मी रविवारी दुपारी घरी पोचल्यावर केला. लूसी शेजारी बसली होती, माझ्या मदतीला नव्हे, ऐकायला.

"जय ख्रिस्त, भावोजी! कधीपासून येते मग आमची शेरू?"

मी सांगितलं.

"म्हणजे ती फिलिपिनो बाई चालते, आणि सख्खी मावशी चालत नाही?"

"तसं नाही फिलो. चूक माझी. तिला न विचारता मी तुला शब्द दिला."

"आणि पडद्यांचं काय? निळ्या पडद्यांचे आता मी झगे शिवून घालू?"

"मला शिव. मी घालतो."

लूसी तोंडावर हात ठेवून हसायला लागली. फिलो हसली नाही. "कार लिफ्टवाल्याला काय सांगू, अं? माझी इज्जत गेली त्याच्यापुढे." मग जरा आवाज खाली आला. "ती बाई मिस्साला जाते का तरी?"

"गाते तिथे."

"गाणारे सगळे भाविक असतातच असं नाही," फिलो म्हणाली आणि फोन ठेवला. राग अजून आहे. नाताळात जाऊन काढावा लागेल.

आता शहराबद्दल. रास अल खैमाला जावं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जरूर जा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा, उन्हाळ्यात नको. दुबईहून बस मिळते, पण शहर लांबट पसरलंय, गाडीशिवाय हाल होतात. डोंगर आणि समुद्र तर आहेतच. पण एक सकाळ रस्त्याच्या कडेला उभं राहून कामाला निघालेली माणसं बघा, एकदा ट्रकांच्या मागे मागे उत्तरेला जा. या देशात इतकी वर्षं राहून मला वाटायचं की इथे सगळं बाहेरून येतं, दगड, ताट, माणूस. यातल्या दोन गोष्टी तरी इथे बनतात हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. धूळ आहे. ती मी लपवणार नाही. बॉनेटवरची पुसली, पण गाडीच्या सांध्यासांध्यांत अजून आहे.

संध्याकाळी आम्ही तिघं जपमाळ म्हणायला बसलो. शेवटी एकेकाने आपली विनंती मोठ्याने सांगायची, ही आमच्या गावाकडची रीत आम्ही इथेही पाळतो. लूसीने शेरॉनच्या तब्येतीसाठी मागितलं. शेरॉनने फिलोमावशीचा राग लवकर जावा म्हणून मागितलं, इंग्रजीत, आणि अगदी मनापासून.

माझी विनंती शनिवारी रात्रीच ठरली होती, आणि रविवारी सबंध रस्ताभर मी ती मनात घोळवत आलो होतो. सोमवारपर्यंत हिचं मन बदलू दे. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. मण्यावरचा अंगठा थांबला, दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि ते शब्द काही तोंडातून निघेनात. मी ते आतल्या आत मागे घेतले.

"रास अल खैमाहून रोज अंधारात कामाला निघणाऱ्या सगळ्यांसाठी," मी म्हणालो.

"अँड फॉर पपा," शेरॉन डोळे मिटूनच म्हणाली, "हू इज गोइंग टू ड्राइव्ह टू अँड अ हाफ अवर्स एव्हरी सिंगल वीकेंड टू चेक माय गॅस पाइप."

लूसी आमेन म्हणाली. मीही म्हणालो, जरा मोठ्याने.